मेंढरं बसल्याशिवाय बाई बसत नाही

रेणुका,

तुला घेऊन मुंबईहून निघालो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. विमानतळाच्या मालाच्या बाजूला एक खिडकी आहे, तिथे सह्या घेतात. एका कागदावर तुझ्या आडनावातलं एक अक्षर पडलं होतं. मी म्हटलं, दुरुस्त करा. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "ताई, आता कशाला," म्हणाला. मी हटले नाही. कॉलेजच्या एकांकिकेच्या पत्रिकेवर तुझं नाव चुकलं होतं तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस, जशी काही ती पत्रिका मीच छापली होती. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. मग त्यांनी तुला बाहेर आणलं.

माळशेजच्या घाटात तुझ्या चुलत्यांनी, नानांनी, गाडी थांबवायला लावली. "पोरीला जरा वारं लागू दे," म्हणाले. बंद पेटीला वारं कुठून लागणार, हे त्यांनाही कळत होतं. तरी मागचं दार उघडून ते पाच मिनिटं उभे राहिले आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

आळेफाट्याला आमच्या दादांनी गॅरेज बंद ठेवलं होतं. दिवाळीच्या दिवशीसुद्धा ट्रकखाली घुसणारे माझे वडील रस्त्याच्या कडेला हात मागे बांधून उभे होते. आमच्या मागे मोटारसायकलवर ते तुझ्या गावापर्यंत, बोरी बुद्रुकपर्यंत आले. तिथलं मी लिहिणार नाही. तू म्हणाली असतीस, "त्यात नाटक करू नको."

आता महिना होत आला. भेटायला येणाऱ्या बाया विचारतात, "काय झालं व्हतं गं तिला?" मी सांगते, हार्टचं. "एवढ्या तरण्या पोरीला?" म्हणतात आणि मान हलवतात. पुढचं कुणी विचारत नाही. पुढचं जे आहे ते फक्त तुला आणि मला माहीत होतं. म्हणून तुझ्याशीच बोलायचंय.

तू पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत भरलीस ती कॉलेजच्या हॉलमध्ये. एकांकिकेसाठी मुली निवडत होते. सरांनी प्रत्येकीला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. आम्ही सगळ्याजणी चाललो, मीही, मान उंच करून, कुणीतरी बघतंय असं. तुझी पाळी आली तर तू जागची हललीच नाहीस. "कशाला चालू? कुठं जायचंय ते सांगा की." मुली हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी तुला त्याच क्षणी घेतलं. मला वर्षभर त्याचा राग होता, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मग मी तुझं बोलणं सुधारायला बसायचे. 'व्हतं' नाही, होतं. 'न्हाई' नाही, नाही. तू ऐकायचीस, दोन वाक्यं शुद्ध बोलायचीस आणि तिसऱ्याला मूळपदावर यायचीस. एकदा वैतागून म्हणालीस, "शुभे, तुझं होतं आन् माझं व्हतं, झालेलं तर सारखंच हाय ना?"

परदेशी शिकायला अर्ज करायचं वेड माझं. तू सोबत म्हणून अर्ज भरलास. तुझा व्हिडिओ मी तुमच्या बाजरी काढलेल्या रानात मोबाइलवर काढला आणि मध्येच तीन मेंढ्या आपल्या समोरून निघून गेल्या. आपण तो तसाच पाठवला. दोघींनाही प्रवेश मिळाला, दोघींनाही शिष्यवृत्ती मिळाली, पण मला प्रतीक्षा यादीतून आणि तुला पहिल्या फेरीत.

तुझे आप्पा तेव्हा मेंढरांमागे होते. तिथेच जाऊन तू त्यांना सांगितलंस. मी बांधावर उभी होते.

"तिकडं जाऊन काय शिकायचं?"

"नाटक."

"हितं शिकवत न्हाईत व्हय?"

"शिकवत्यात. पर तिकडचं बघायचंय मला."

"बघून माघारी येशील?"

"येईन की."

आप्पांनी एवढंच विचारलं. एवढ्यावर त्यांनी तुला जाऊ दिलं.

ग्लासगोला आपण उतरलो आणि डिसेंबर येईपर्यंत चार वाजताच अंधार पडायला लागला. तुला थंडीचं काही वाटलं नाही, अंधाराचं वाटलं. "ह्या लोकांचा दिवस कोण खातं?" म्हणायचीस. पहिल्या महिन्यात तुला वर्गात चालणारं निम्मं इंग्रजी कळत नव्हतं. मला वाटलं, आता तरी मी तुझ्यापुढे जाईन. असं मला वाटलं होतं, रेणुका. लिहूनच ठेवते.

आठवड्याला दोन नाटकं बघणं अभ्यासातच होतं. विद्यार्थ्यांना सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाकांची तिकिटं मिळायची. तिथून नटांची डोकी आणि पायच काय ते दिसायचे. एक नाटक होतं म्हाताऱ्या नवराबायकोचं. नवरा सगळं विसरत चाललेला, बायको त्याला रोज जेवायला वाढते, बाकी काही घडत नाही. मी संहिता दोनदा वाचून गेले होते. तू काहीच वाचलं नव्हतंस. दुसऱ्या दिवशी वर्गात आपल्या बाईंनी विचारलं, काय पाहिलंत? मी पाच मिनिटं बोलले. मग तू मोडक्या इंग्रजीत सांगितलंस की ती बाई ताट ठेवताना एकदाही त्याच्या तोंडाकडे बघत नाही. बघितलं तर तो आपल्याला ओळखतो की नाही ते कळेल, म्हणून बघत नाही. बाई फळ्यापाशी थांबल्या. मग हळूच खुर्चीत बसल्या. मी तेच नाटक पाहिलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. नाटक बघायला मी तुझ्याकडून शिकले. बाकी सगळं त्या वर्षात शिकले ते कुठल्याही पुस्तकात मिळालं असतं.

एका रविवारी आपण बसने डोंगराकडे गेलो. उतारावर पांढऱ्या मेंढ्याच मेंढ्या. तू खिडकीला नाक लावून बसलीस. "राखणारा कुठंय?" मी म्हटलं, इथे राखत नाहीत, सोडून देतात. "आन् बिबट्या?" नाही म्हटलं इथे. लांडगाही नाही. तू काचेवरची वाफ पुसलीस. मग म्हणालीस, "आप्पाला सांगितलं तर खोटं वाटंल. पन्नास वर्सं झोपला न्हाई त्यो धड." त्या दिवशी बसमधून उतरून चढ चढताना तू तीनदा थांबलीस. मला वाटलं, मेंढ्या बघायला थांबतेस.

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारच्या प्रयोगाला आपल्याला उशीर झाला. वरच्या मजल्यापर्यंत चार जिने. मी पुढे धावत होते. तिसऱ्या जिन्यावर मागे वळून पाहिलं तर तू पायरीवर बसलेली, कठडा धरून. मी चिडले. खाली आले आणि चिडून म्हटलं, "दार बंद करतील, ऊठ." तुझे ओठ निळसर दिसत होते. तू हातानेच थांब म्हणालीस. आत घंटा झाली, दार बंद झालं.

तिथे तू मला सांगितलंस. आठवीत असताना सांधे सुजून ताप आला होता, तो हृदयात उतरला. एक झडप आखडली. डॉक्टरांनी दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं आणि पुढेमागे ऑपरेशन लागेल म्हणाले होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तू इंजेक्शन बंद केलंस. घरी सांगितलंस, डॉक्टर म्हणाले आता गरज नाही. आप्पांचा विश्वास बसला, कारण तू त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हतीस.

मी म्हटलं, उद्याच दवाखान्यात जाऊ. आपल्या वसतिगृहापासून दहा मिनिटांवर होता, पैसे लागत नव्हते, फक्त नंबर लावायचा होता. तू म्हणालीस, "गेले तर कापत्याल. न्हाईतर घरी धाडत्याल. मे म्हैन्यात आपला प्रयोग हाय. त्यो झाला की जाते." आणि माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवलास. "शपथ हाय तुला. आप्पाला कळलं तर उद्याच बोलावून घील."

मी हात काढून घेतला नाही. त्या नाटकाचा पहिला अंक आपण जिन्यात बसून, भिंतीतून येणाऱ्या आवाजांवर ऐकला.

मे महिन्यातला प्रयोग मी बसवत होते. पात्र एकच, तू. एकजण ढोल वाजवायला, एकजण दिवे बघायला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यातली, तांड्यातली, एक बाई, बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी चालू लागते, एवढीच गोष्ट. पस्तीस मिनिटं तू चालायचीस. डोक्यावर बोचकं, पाठीला बाळ, आणि चालता चालता बोलायचीस, कधी बाळाशी, कधी मेंढरांशी, कधी पुढे गेलेल्या नवऱ्याशी. सगळं मराठीत, सगळं 'व्हतं' आणि 'न्हाई'मध्ये. आपल्या बाईंनीच तसा आग्रह धरला होता. तुझी वाक्यं शुद्ध करण्यात घालवलेली तीन वर्षं मी त्या खोलीत एका कोपऱ्यात बसून गिळली.

तालमी सुरू झाल्या. तुला दम लागायचा. ढोलवाला म्हणायचा, काय जिवंत करते ही पोरगी, धाप खरी वाटते. मी मान डोलवायचे. हे मला सगळ्यात जास्त छळतं. धाप खरी आहे हे मला माहीत होतं आणि ती नाटकाला उपयोगी पडत होती. एप्रिलमधल्या एका दुपारी पूर्ण तालीम झाल्यावर तू भिंतीला टेकलीस आणि म्हणालीस, "आज पुरे का?" मी घड्याळ बघितलं. खोली अजून एक तास आपली होती. मी म्हटलं, "एकदाच. मधला भाग." तू उठलीस आणि केलास.

नंतर मला भीती वाटायला लागली. मी शेवट बदलायचं ठरवलं. म्हटलं, शेवटची दहा मिनिटं बाई बसते, बाळाला पाजते, बसून बोलते. सगळ्यांसमोर मी त्याची कारणं सांगितली. लय बदलायला हवी, प्रेक्षकाला विसावा हवा, पोटातून येणारा आवाज बसल्यावर वेगळा येतो. बरीच मोठी कारणं होती.

तू बोचकं खाली ठेवलंस. "मेंढरं बसल्याबिगर बाई बसत न्हाई."

"ते खऱ्या आयुष्यात. हे नाटक आहे."

"नाटकातबी मेंढरं चालत्यातच की. ती चालायची आन् ही बसायची? मंग हरवत्याल ना."

"रेणुका, ऐक माझं."

तू माझ्याकडे सरळ बघितलंस. दिवेवाली आणि ढोलवाला आपलं मराठी ऐकत होते, समजत काही नव्हतं. तू हळू विचारलंस, "तुला बाई बसवायचीय का मला?"

मी म्हटलं, "बाई."

"मंग न्हाई बसायची ती."

भांडण तिथेच राहिलं. मी तेव्हा 'तुला' म्हटलं असतं तर? तू ऐकलं असतंस असं नाही. तू हट्टी होतीस. पण मग मला प्रयोग थांबवावा लागला असता आणि तो मला थांबवायचा नव्हता. कलेच्या नावाखाली मी तुला वाचवायला गेले, अर्धवट, कुणाला कळणार नाही अशा बेताने. अशा बेताने कुणी वाचत नाही.

प्रयोग गुरुवारी दुपारी झाला. तू बसली नाहीस. शेवटी तू मेंढरांना हाकारत मागच्या दारातून निघून गेलीस आणि ते दार उघडंच राहिलं. लोक टाळ्या वाजवायचे विसरले. मग एकाने सुरुवात केली. मी पडद्यामागे आले तर तू जमिनीवर आडवी, डोळे उघडे, हसत होतीस. "झालं," म्हणालीस. "सोमवारी जाऊ दवाखान्यात."

रविवारी सकाळी तू माझं दार वाजवलंस. झोपता येत नव्हतं तुला, आडवं झालं की श्वास अडकत होता. अॅम्ब्युलन्स लवकर आली. तिथल्या लोकांनी जे करायचं ते सगळं केलं, मी बघितलं. मंगळवारी सकाळी तू गेलीस. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की अशी झडप कधीही दगा देते, एका तालमीने किंवा एका प्रयोगाने असं झालं असं म्हणता येणार नाही. मी विचारलं, फेब्रुवारीत आणलं असतं तर? ती डॉक्टर प्रामाणिक होती. ती म्हणाली, "बहुतेक ती आज घरी असती."

आप्पांना मी हे सांगितलं. तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. तू घातलेली शपथ मोडली. पण शपथ ज्याच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायची ते डोकंच उरलं नव्हतं.

दुपार होती. कुकडी नदीच्या बाजूच्या रानात मेंढरं बाभळीखाली दाटीने बसली होती आणि आप्पा उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी जिन्यापासून मंगळवारपर्यंत सगळं सांगितलं. संपल्यावर आप्पा म्हणाले,

"तुला कवा कळलं?"

"फेब्रुवारीत."

"आन् ती गेली मे म्हैन्यात."

"हो."

"फोन व्हता तुझ्याकडं. आमचा नंबर व्हता."

"होता."

"मंग?"

"तिनं शपथ घातली होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघत होते. मग म्हटलं, "आणि मला ते नाटक करायचं होतं."

"ह्ये दुसरं आधी सांगायचं," आप्पा म्हणाले.

एक मेंढी उठली, जागा बदलून पुन्हा बसली. आप्पांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "आता जा, बाई. वर्साला ये. तवर येऊ नको. तू समोर आली की मी वंगाळ बोलंन तुला, आन् मला तुला वंगाळ बोलायचं न्हाई."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. ते दोन पावलं मागे सरकले.

रस्त्यापर्यंत तुझी आई माझ्यासोबत आली. आप्पा काय बोलले ते तिने विचारलं नाही. थांब्यावर सावली नव्हती. आम्ही दोघी डोक्यावर पदर, ओढणी घेऊन उभ्या राहिलो. मला वाटलं, तीही आता मला काही विचारेल, आणि मी उत्तरं जुळवत होते.

ती म्हणाली, "बघायला मान्सं व्हती का?"

"होती, मावशी. त्रेचाळीस जण होते."

"गोऱ्यांस्नी कळत व्हतं का तिचं बोलनं?"

"शब्द नाही कळले. बाकी सगळं कळलं."

ती रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत होती, जिकडून एसटी यायची. "शेवटपातुर जायचा का आवाज तिचा?"

"जायचा. भिंतीला लागून परत यायचा."

"घरात मी तिला सारखी म्हनायची, हळू बोल. पोरीच्या जातीनं हळू बोलावं. लई म्हनले." तिने पायाने रस्त्यावरचा एक खडा बाजूला केला. "तिकडं कुनी म्हनलं न्हाई ना?"

"नाही. तिकडं तिला कुणीच नाही म्हटलं."

"बरं झालं," ती म्हणाली.

एसटी आली. मावशीने पदर सारखा केला आणि माझ्याआधी तिनेच हात केला. मी चढले, खिडकीपाशी बसले. ती उन्हात तशीच उभी होती, गाडी निघाली तरी. कंडक्टरने विचारलं, कुठं? मी आळेफाटा म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्याने म्हटलं की पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली.